तळ्याचं वेळापत्रक

दोरीला बांधलेली पांढरी बशी पाण्याखाली अकरा सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. बाईंनी दोरी वर ओढली, पुन्हा सावकाश सोडली आणि पुन्हा पाहिलं. अकराच. बशीचा काठ आधी हिरवट झाला, मग तिथे काठ असावा अशी नुसती शंका उरली, मग शंकाही गेली. काल बारा होते, गेल्या सोमवारी चौदा. आकडा उतरला म्हणजे पाणी आणखी गढुळलं. बाईंनी वहीत तारीख टाकली, पुढे अकरा लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. मग उचललं. हा रकाना गेले पाच महिने कोरा होता. शेरा काय लिहायचा ते त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, आणि तो लिहून उपयोग नव्हता, कारण ती वही त्यांच्याशिवाय कोणी वाचत नव्हतं. तो शेरा मोठ्यानं सांगायला हवा होता, तोही एकाच माणसाला.

बाई म्हणजे नगरपालिकेच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेतल्या मुख्य रसायनतज्ज्ञ. तिथे त्यांना शिपायापासून अभियंत्यापर्यंत सगळे नुसतं 'बाई' म्हणत. सव्वीस वर्षं अख्ख्या शहराचं पाणी त्यांच्या सहीनंतरच नळाला येत होतं. अशा बाईंच्या घरामागे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि गुडघाभर खोल असं एक तळं होतं, आणि त्यातलं पाणी जुन्या बसच्या सीटवरच्या रेक्झिनसारखं हिरवं होतं. येणारा-जाणारा आधी तळ्याकडे बघे, मग बाईंकडे, आणि मग तोंड फिरवून खोकल्यासारखं काहीतरी करी. खोकला कोणता आणि हसू कोणतं, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

तळं बाईंचं नव्हतं. ते त्यांच्या यजमानांचं होतं. यजमान बस डेपोत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते आणि सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणे. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण पहाटेपासून ते मधूनच घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "सहा दहा. गेली." थोड्या वेळानं, "सहा चाळीस. ही आज उशिरा सुटणार, बघ." कोणती बस, कुठे गेली, हे बाईंनी कधी विचारलं नाही. डबा भरताना, वेणी घालताना, चपला शोधताना त्या नुसतं "हं" म्हणत. संध्याकाळी परत याव्यात तर कंट्रोलर त्याच खुर्चीत, त्याच बाजूला झुकलेले. "सात पंचवीस," ते सांगत. "शेवटच्या आधीची." चौथ्या महिन्यात एके दिवशी त्या घरी आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि परसात कंट्रोलर गुडघाभर खड्ड्यात उभे राहून फावडं चालवत होते. घामानं निथळत होते. बाईंना इतका आनंद झाला की त्या खड्ड्याचं काय होणार हे विचारायचंच राहून गेलं. ही त्यांची पहिली चूक.

तळ्यात तीन कुंड्या कमळाच्या जातीच्या लिलीच्या, एक जुडी पाणवेलींची आणि सहा मासे आले. आणि तळ्याशेजारच्या भिंतीवर, डेपोत असे तसल्याच फळ्यावर, खडूनं वेळापत्रक आलं. सहा दहा: एक तृतीयांश पाणी बाहेर. सहा चाळीस: नळाचं ताजं पाणी आत. सात पंचवीस: पानं धुणे. डेपोत बस फेरीहून आली की धुतात. पान पाण्यावर आहे, म्हणजे फेरीवरच आहे, असा काहीसा हिशेब असावा. कंट्रोलर स्पंज घेऊन लिलीचं एकेक पान वरून आणि खालून पुसत. रविवारी पाणवेली मुळासकट बाहेर काढून, झटकून, सरळ रांगेत परत लावत. बिचाऱ्या वेली आठवडाभर मूळ धरायचा प्रयत्न करत आणि रविवारी पुन्हा डेपोत जमा होत.

पाणी हिरवं व्हायला सतरा दिवस लागले.

यात गूढ काही नव्हतं. शहराच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे अडतीस मिलिग्रॅम नायट्रेट होतं. माणसाला ते चालतं, तशी बाईंचीच सही होती. शेवाळाला मात्र ते नुसतं चालत नाही, ती त्याची मेजवानी असते. कंट्रोलर रोज सहा चाळीसला शेवाळाला ताजं खत घालत होते, आणि ते खत ज्या वेली खाऊन टाकू शकल्या असत्या, त्यांनाच दर रविवारी उपटत होते. उपाय अगदी सोपा होता. काही करायचं नाही. पाणी बदलायचं नाही, पानं पुसायची नाहीत, वेली हलवायच्या नाहीत. दोनएक महिने हात बांधून बसायचं. वेली वाढतात, लिली पसरून सावली धरते, शेवाळाचं अन्न तुटतं, पाणी आपोआप नितळतं.

बाईंनी हे सांगितलंही होतं. एकदा. तिसऱ्या आठवड्यात, पाण्याची मोटार चालू असताना, मागून, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. हा आवाज प्रयोगशाळेत पलीकडच्या टेबलापर्यंत पोचत नसे.

"अहो, ते रोज पाणी बदलू नये."

"हो ना," कंट्रोलर मोटारीच्या घरघरीवरून ओरडले, "रोज बदलतो, म्हणून तर बरं आहे! नाहीतर काय झालं असतं!"

बाई आत गेल्या. पुढच्या वेळी नीट सांगू, त्या स्वतःशी म्हणाल्या. पुढच्या वेळी कंट्रोलर शीळ घालत स्पंज पिळत होते. खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवले होते. शीळ ऐकत बाई त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

त्यांनी न सांगितलेलं दुसऱ्यांनी सांगितलं. म्हणजे ते नव्हे, बाकी सगळं. भिंतीपलीकडे एक निवृत्त कंपाउंडर राहत. त्यांच्या पत्नीकडे ब्याण्णव कुंड्या होत्या, आणि गल्लीत त्यांना कुंडीवाल्या काकू म्हणत. दोघांना तळं भिंतीवरून सरळ दिसे, आणि दिसणाऱ्या गोष्टीबद्दल गप्प बसावं अशी त्या घरात रीत नव्हती.

"गोगलगायी सोडा," काकू म्हणाल्या. "शेवाळ चाटूनपुसून खातात."

"वहिनींना विचारलंत का पण?" कंपाउंडर म्हणाले. "घरातच तज्ज्ञ आहे म्हटल्यावर..."

"तिचं पिण्याचं पाणी," कंट्रोलर म्हणाले. "हे वेगळं खातं."

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकत होत्या. हे वेगळं खातं! सव्वीस वर्षं, दोन पदव्या आणि एक सुवर्णपदक खात्याबाहेर उभं करण्यात आलं होतं. त्यांनी नळ थोडा जास्त जोरात बंद केला. घरात एवढाच निषेध नोंदवला गेला.

चाळीस गोगलगायी आल्या. त्या दगडावरचं शेवाळ चाटतात हे खरं, पण पाण्यात तरंगणारं शेवाळ कसं चाटणार? समोर असतं ते खातात. त्यांच्यासमोर रोज स्पंजनं पुसलेली, लुसलुशीत, चकचकीत पानं होती. बारा दिवसांत लिलीची पानं कंडक्टरनं पंच केलेल्या तिकिटासारखी झाली आणि चाळीसाच्या शंभरावर गेल्या.

"पानं खाल्ली ना, मग खत द्या," काकूंनी भिंतीवरून डबा पुढे केला. "मूठभर बास. माझी मूठ हं, तुमची नको."

कंट्रोलरनी स्वतःची मूठ टाकली. बशी एका आठवड्यात सव्वीस सेंटिमीटरवरून सतरावर आली. बाईंनी आकडा लिहिला आणि वही मिटली.

मग डेपोतला जुना मेकॅनिक भेटायला आला. त्यानं तळ्याभोवती दोनदा चक्कर मारली, खाली वाकून वास घेतला आणि निदान केलं. "साहेब, याला फिल्टर नाही. फिल्टरशिवाय इंजिन चालेल का?" दुसऱ्या रविवारी तो बसचा एक फिल्टर, दोन नळ्या आणि छोटा पंप घेऊन आला. फिल्टर आतून स्वच्छ केलाय, असं तो शपथेवर सांगत होता. पंप सुरू झाला. पाणी फिरू लागलं. पाच मिनिटांत सगळ्या तळ्यावर डिझेलचा पातळ थर पसरला आणि हिरव्या पाण्यावर जांभळे, निळे, सोनेरी रंग हलू लागले.

"सुंदर दिसतंय," मेकॅनिक म्हणाला.

आणि खरंच दिसत होतं, ही त्यातली दुःखाची गोष्ट.

डिझेलचा थर कंट्रोलरनी आणि बाईंनी मिळून जुन्या वर्तमानपत्रांनी टिपून काढला. गुडघे टेकून दोघं शेजारी-शेजारी बसले होते. सांगायची ही वेळ उत्तम होती. मोटार बंद होती, पंप मेकॅनिकनं नेला होता. बाईंनी घसा साफ केला.

"अहो..."

"तुला सांगतो," कंट्रोलर ओला कागद बाजूला टाकत म्हणाले, "इतकं काम मी शेवटच्या पाच वर्षांत डेपोतसुद्धा केलं नाही." आणि हसले. कपाळावर डिझेलचा पट्टा होता.

"हा कागद घ्या," बाई म्हणाल्या.

पण भिंतीवरून कंपाउंडरांनी आता सूत्रं हाती घेतली होती. चाळीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून बाटल्या भरल्या होत्या. स्वतःची चिठ्ठी लिहायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. "पोटॅशियम परमँगनेट," ते शब्द चघळत म्हणाले. "चिमूटभर. एका झटक्यात पाणी काचेसारखं. मासे मात्र आधी काढून घ्या, कंट्रोलर. रोग्याला त्रास नको."

मासे न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत गेले. दुसरी बादली घरात नव्हती. तळ्याचं पाणी वांग्याच्या रंगाचं झालं, संध्याकाळपर्यंत तपकिरी झालं, आणि औषधाचा असर पूर्ण उतरेपर्यंत मासे परत सोडू नयेत असं कंपाउंडरांनी फर्मावलं. असर नऊ दिवस उतरेना. नऊ दिवस बाईंनी पातेल्यात पाणी घेऊन अंघोळ केली. पायाशी बादलीत सहा मासे वर्तुळात फिरत आणि मधूनच वर येऊन त्यांच्याकडे बघत. मुख्य रसायनतज्ज्ञ, वय सत्तावन्न, डोक्यावर पातेलं. बाईंनी न्हाणीघरात दिवा लावणं सोडून दिलं.

तळ्यात मासे नाहीत म्हटल्यावर डासांच्या अळ्यांना मोकळं रान मिळालं. आणि दहाव्या दिवशी डास निर्मूलन विभागाचा निरीक्षक दारात उभा राहिला. कोणी तक्रार केली असं नव्हतं, त्याची फेरीच होती. त्यानं पळीनं पाणी घेतलं, त्यातल्या वळवळीकडे समाधानानं पाहिलं आणि खिशातून बाटली काढली.

"नमुना घ्यावा लागेल. प्रयोगशाळेत जाईल."

"कोणत्या?" कंट्रोलरनी विचारलं.

"एकच आहे."

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतले वयस्क सहायक बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात बाटली होती. तिच्याकडे न बघता ती कशी धरावी या विवंचनेत ते होते.

"बाई, नमुना क्रमांक चारशे बारा."

"बरं."

"पत्ता... तुमचाच आहे."

"पत्ता बाटलीचा असतो. तपासा."

"मी काय म्हणतो, बाटली फुटली असं..."

"तपासा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तपासलं. अहवाल बाईंच्या सहीसाठी आला. अहवालाच्या शेवटी दोनच चौकोन होते: पिण्यास योग्य, पिण्यास अयोग्य. अकरा वर्षांपूर्वी तिथे तिसराही चौकोन होता, 'लागू नाही'. अभियंते अडचणीत आले की त्यातच खूण करून मोकळे होत. तो चौकोन बाईंनी स्वतः, चार पानी टिपण लिहून, दोन बैठकांत भांडून काढायला लावला होता. त्यांच्या कारकिर्दीतली ही एकमेव लढाई, आणि ती त्यांनी निर्विवाद जिंकली होती. तळ्यातलं पाणी पिण्यास योग्य आहे, असं कोणत्याही शपथेवर म्हणता येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि पूर्ण सही केली.

आठवड्यानं नोटीस आली. 'सदर जलसाठा पिण्यास अयोग्य आढळल्याने आठ दिवसांत तो पिण्यायोग्य करावा, अन्यथा बुजवावा. आठव्या दिवशी सकाळी फेरतपासणी होईल.' खाली आधार म्हणून अहवालाचा क्रमांक आणि बाईंचं पदनाम.

कंट्रोलरनी नोटीस दोनदा वाचली. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होत्या. बायकोनं नवऱ्याच्या तळ्याला सरकारी कागदावर अयोग्य ठरवलं होतं. काही बोलतील, निदान जेवताना गप्प राहतील, अशी त्यांची तयारी होती.

"जावक क्रमांक आहे," कंट्रोलर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "मुदत आहे. विभागप्रमुखाची सही आहे. अगं, हे काम आहे!"

फळा पुसला गेला आणि नवीन वेळापत्रक लागलं, तीन पाळ्यांचं. मासे आधीच परत सोडले होते, तेवढी अळ्यांची बाजू मिटली होती. पण कंट्रोलरांचा बेत मोठा होता. सात दिवस तयारी, आणि फेरतपासणीच्या सकाळी साहेबांच्या डोळ्यांदेखत सगळं तळं उपसायचं, ब्लीचिंग पावडरनं तळ घासायचा, वेली फेकून नव्या आणायच्या, लिलीची मुळं धुऊन घ्यायची, ताजं पाणी भरायचं. कंपाउंडरांनी पावडरीचं प्रमाण लिहून दिलं. काकूंनी तारेचा ब्रश दिला, स्वतःचा, परत करायच्या बोलीवर.

त्या सात दिवसांत, तयारीच्या धांदलीत, एक विचित्र गोष्ट घडली. पाण्याला कोणाचाच हात लागला नाही. बाई रोज सकाळी बशी सोडत होत्या. अकरा. अकरा. तेरा. सोळा. सातव्या दिवशी एकोणीस. गोगलगायींनी चाळण केलेल्या लिलीच्या मधोमध एक नवं पान गुंडाळीतून अर्धं उलगडून वर आलं होतं, अंगठ्याएवढं, तांबूस. पाणवेलींच्या टोकांना पांढरी मुळं फुटली होती. उद्या सकाळी तारेच्या ब्रशनं हे सगळं पहिल्या दिवसावर जाणार होतं, आणि या खेपेला लिली वाचणार नव्हती. मग तळं खरंच बुजवावं लागलं असतं.

आता मात्र सांगायलाच हवं होतं. चहाचे कप घेऊन त्या पायरीवर कंट्रोलरांशेजारी जाऊन बसल्या. उन्हं उतरली होती. कंट्रोलर ब्रशच्या तारा सरळ करत होते.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "हे नसतं केलं तर?"

"हे तळं?" कंट्रोलरनी ब्रश खाली ठेवला. "तुला आठवतंय ना, मी त्या खुर्चीत बसायचो. तू 'हं' म्हणायचीस. मला कळायचं, तू ऐकत नाहीयेस ते. मी तरी काय, बोलायचं म्हणून बोलायचो. सहा दहा झाले की वाटायचं, आता उठून कुठेतरी जायचंय. आणि जायचं कुठेच नसायचं." त्यांनी कप उचलला. "आता जायचं असतं. परसात का होईना."

बाईंचा चहा निवला. अकरा वर्षांपूर्वीच्या चार पानी टिपणाला जितका वेळ लागला होता, तितकाच वेळ तिथे बसून राहिल्यासारखं त्यांना वाटलं.

सकाळी निरीक्षक आला तेव्हा सगळी मंडळी हजर होती. भिंतीवरून कंपाउंडर आणि काकू. मेकॅनिकसुद्धा सायकल टेकवून उभा होता. कंट्रोलरनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला होता आणि ते तळ्यात उतरायला एक पाय काठावर ठेवून सज्ज होते. निरीक्षकानं पळीनं पाणी घेतलं, उजेडाकडे धरलं.

"अळ्या नाहीत," तो म्हणाला. "पिण्याचं मी काही म्हणत नाही. मला ती ओळ वाचून हसूच आलं होतं, पण छापील आहे. मी तिथे 'उपाययोजना चालू' लिहितो. फक्त काय उपाययोजना ते लिहावं लागतं, आणि जबाबदार कोण त्याचं नाव." त्यानं पेन काढलं. "बोला."

"संपूर्ण उपसा," कंट्रोलर सुरू झाले, "सात वाजेपर्यंत. मग ब्लीचिंग..."

"पाव किलो," भिंत म्हणाली.

"मुळं धुऊन घ्या मात्र!" भिंतीची दुसरी बाजू म्हणाली.

"फिल्टर मी नवा आणलाय," मेकॅनिक म्हणाला. "या खेपेला साबणानं धुतलाय."

निरीक्षक लिहीत होता. 'संपूर्ण उपसा' लिहून झालं होतं. कंट्रोलरांचा पाय पाण्यात टेकला आणि तांबूस पान एका बाजूला कललं.

"ते खोडा," बाई म्हणाल्या.

कोणी ऐकलं नाही. बाई पायरीवरून खाली उतरल्या, ओल्या मातीतून चपलांसकट चालत तळ्यापाशी आल्या आणि त्यांनी कंट्रोलरांच्या हातातला ब्रश काढून घेतला. सव्वीस वर्षांत त्यांचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत गेला नव्हता. आता तो भिंतीवरून पलीकडे गेला आणि काकूंच्या ब्याण्णव कुंड्यांपर्यंत पोचला.

"ते खोडा आणि नीट लिहून घ्या. जबाबदार व्यक्ती मी. उपाययोजना, काही नाही."

"काही नाही असं कसं लिहायचं, बाई?" निरीक्षक गोंधळला.

"जसं मी सांगतेय तसं. दोन महिने. पाणी बदलायचं नाही, खत नाही, औषध नाही, फिल्टर नाही, पान पुसायचं नाही, वेल उपटायची नाही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा एक पाय अजून पाण्यात होता आणि चेहऱ्यावर सुटायची वेळ झालेली गाडी फलाटावरच थांबवल्यासारखं काहीतरी होतं. बाईंना ते दिसलं. पाच महिने तेच दिसेल म्हणून त्या गप्प होत्या. दिसल्यावरही त्या थांबल्या नाहीत.

"या पाण्याला आता कोणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "अहो, तुम्हीसुद्धा नाही."